तोंड शिवलेला पंखा

मी एक जुना पंखा आहे, मित्रांनो. पण छताला लटकून गार वारा देणारा गोरागोमटा पंखा डोळ्यांसमोर आणू नका. मी भिंतीच्या भोकात बसवलेला, लोखंडी पात्यांचा, काळाकुळकुळीत गडी. माझं काम वारा देण्याचं नाही, घाण ओढून बाहेर टाकण्याचं. धूर, धूळ, उग्र वास, जे जे माणसाच्या नाकात जाऊ नये ते मी ओढायचं आणि भिंतीपलीकडे भिरकावून द्यायचं. म्हणून माझ्याखाली कुणी खाट टाकत नाही की माझ्याकडे कुणी लाडानं बघत नाही. त्याचं मला कधी वाईट वाटलं नाही, खोटं कशाला बोलू? वाईट वाटलं ते एका माणसाचं, आणि त्याचीच गोष्ट तुम्हाला सांगायची आहे.

माझा जन्म साताऱ्याचा. तिथल्या औद्योगिक वसाहतीतल्या एका लहानशा कारखान्यात राजेश्वरीबाईंनी माझ्या मोटारीत तांब्याची तार भरली. त्यांचे यजमान फौजेत होते आणि बाईंचा हातही तसाच शिस्तीचा, एक वेढा इकडचा तिकडे होणार नाही. मला जोडून झाल्यावर त्यांनी माझ्यासमोर पेटती उदबत्ती धरली. धुराची रेघ थेट माझ्या पोटात शिरली आणि मागून बाहेर पडली. "बघा कसा ओढतोय! ज्याच्याकडे जाईल त्याचं भलं करेल," बाई सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाल्या. एवढं कौतुक मला पुन्हा फारसं मिळालं नाही, म्हणून ते मी अजून जपून ठेवलं आहे.

पहिली नोकरी केली माधवनगरात, मागाच्या शेडमध्ये. दिवसभर कापसाचे तंतू गिळायचे आणि बाहेर फेकायचे. पुढे ते माग भंगारात निघाले आणि त्यांच्यासोबत मीही जुन्या बाजारात जाऊन पडलो. तिथून मला उचललं तासगाव रस्त्यावरच्या एका पाइपच्या कारखान्यानं.

शेतात पाणी नेणारे राखाडी पाइप तुम्ही पाहिलेच असतील. ते कशाचे बनतात ठाऊक आहे? प्लास्टिकच्या पांढऱ्या पावडरीचे. तांदळाच्या पिठीसारखी मऊ असते ती. तिच्यात खडूची भुकटी आणि आणखी काय काय मिसळून मोठ्या मिक्सरमध्ये घुसळतात, तापवतात आणि मग यंत्रातून दाबून तिचा पाइप काढतात. त्या मिक्सरच्या खोलीत मला बसवलं. पोतं ओतलं रे ओतलं की पांढरा ढग उठायचा. माल जास्त तापला तर डोळ्यांत आणि घशात झोंबणारा वास सुटायचा. मी सगळं ओढून काढायचो. अगदी सगळं नाही, पण मिक्सरवर उभ्या असलेल्या माणसाला समोरची भिंत दिसावी इतपत तरी नक्की.

तो माणूस म्हणजे बिराप्पा. जत भागातला धनगर, उंचापुरा, आणि छाती अशी की दोन पोती दोन खांद्यांवर घेऊन हसत हसत चालायचा. त्याला ओव्या गायचा नाद. गावच्या बिरोबाच्या जत्रेत त्याचा आवाज उठला की ढोलवाले अंगात आल्यासारखे वाजवत, असं तो स्वतःच सांगायचा. स्वतःची तारीफ करायला गडी लाजत नव्हता! सकाळी आला की आधी माझं बटण दाबायचा आणि म्हणायचा, "चला, आमचा पेटीवाला सुरू झाला." मी घरघर करू लागलो की माझाच सूर धरून तो ओवी उचलायचा. मित्रांनो, माझ्या घरघरीला आजवर कुणी सूर म्हटलं नव्हतं. त्याच्यासाठी मी जीव तोडून फिरायचो.

कारखान्यातला फिटर सरफराज महिन्यातून एकदा शिडीवर चढायचा, माझ्या पात्यांवरचा थर खरवडायचा आणि वंगण घालायचा. तोंडाळ माणूस, पण मनानं फार चांगला. "एवढा थर ह्याच्यावर बसतोय गड्या," तो खाली बघून म्हणायचा, "तर तुझ्या आत किती बसत असंल? तोंडाला बांध काय तरी." बिराप्पा गळ्यातला टॉवेल नाकावर ओढायचा. तो ओवी सुरू होईपर्यंतच टिकायचा. टॉवेल बांधून गाणार कसा?

शिवाय त्याचा भरवसा होता गुळावर. कारखान्याची रीतच होती तशी. सुट्टी झाली की प्रत्येकाच्या हातावर सांगलीच्या पेठेतल्या गुळाचा खडा ठेवायचा. गूळ खाल्ला की दिवसभराची धूळ छातीतून सुटून खाली उतरते, असं मालकापासून झाडूवाल्यापर्यंत सगळे मानत. बिराप्पा खडा दातानं फोडायचा, अर्धा तोंडात टाकायचा आणि अर्धा पोरांसाठी खिशात ठेवायचा. भुवया, मिशा, पापण्या सगळं पांढरं. तशाच अवतारात घरी गेला की धाकटी पोर "म्हातारा आला, म्हातारा आला" करत गुळासाठी खिशात हात घालायची. हे सांगताना त्याला हसू आवरायचं नाही.

असं बरं चाललं होतं. मग कुंपणापलीकडे, बरोबर माझ्या तोंडासमोर, जयराजनं बेदाण्याची शेड उभी केली.

तासगावकडच्या मुलांना बेदाण्याची शेड सांगायला नको. बाकीच्यांसाठी सांगतो. खांबांना जाळ्यांचे मजल्यावर मजले बांधतात, द्राक्षं औषधाच्या पाण्यात बुडवून त्यांवर पसरतात आणि वाऱ्यावर सुकू देतात. बाजूनं भिंती नसतात, वारा खेळायला हवा ना! बिराप्पाची बायको धोंडुबाई त्या शेडमध्ये कामाला लागली. नवरा भिंतीच्या अलीकडे, बायको पलीकडे. डबा खायच्या वेळी दोघं कुंपणाशी बसायची आणि कुणाची भाजी जास्त तिखट यावरून भांडायची.

एक दिवस व्यापारी माल बघायला आला. त्यानं मूठभर बेदाणा उचलला, तळहातावर चोळला आणि तोंड वाकडं केलं. हाताला पांढरं लागलं होतं. ते मी फेकलेलं होतं, मित्रांनो. मी तरी काय करणार? मागून काय येतं ते ओढायचं आणि पुढे टाकायचं, एवढंच मला ठाऊक.

जयराज तसा वाईट पोरगा नव्हता. भांडायला आला नाही. खोलीच्या दारात उभा राहून अदबीनं म्हणाला, "बिराप्पामामा, तुमच्या पंख्यानं माझा माल नासतोय बघा. दोन महिन्यांचा तर हंगाम हाय. तेवढ्यापुरता बंद ठेवा की. धोंडुमावशीबी आमच्यातच हायती. माल गेला तर त्यांचंबी काम जाणार."

त्याचंही खरंच होतं. ती पावडर कुणाच्या खाण्यात जाऊ नये. सरफराजनं मालकाला उपायही सांगितला. माझ्या तोंडाला पत्र्याचं नळकांडं लावायचं, त्याच्या टोकाला कापडी पिशवी बांधायची, पावडर पिशवीत जमेल आणि हवा बाहेर जाईल. मालक म्हणाले, "बघू." मालकांचं बघू म्हणजे तुमच्या वडिलांनी जत्रेत घेऊन देतो म्हटलेली सायकल. सरफराज पुन्हा विचारायला गेला, तेव्हा पुन्हा बघू.

नुसतं बटण बंद करून भागेना, माझ्या पात्यांमधून पावडर उडतच राहिली. मग धोंडुबाईनं खताची दोन रिकामी पोती घेतली, दाभण आणि सुतळी घेतली आणि घरी बसून त्यांचा एक जाड पडदा शिवला. दुसऱ्या दिवशी बिराप्पानं भिंतीला बाहेरून शिडी लावली, तिनं खालून धरली. तो माझ्या चौकटीवर पोतं ताणत होता आणि ती खालून सांगत होती, "आवं, तो कोपरा ढिला ऱ्हायलाय. घट्ट घ्या." त्यानं घट्ट घेतलं. मग कडेचे टाके घालायला ती स्वतः शिडीवर चढली. दोघं हसत होती. रागानं कुणी माझं तोंड शिवलं नाही, मित्रांनो. संसाराच्या काळजीनंच शिवलं.

त्या दिवसापासून खोलीतला ढग खोलीतच राहू लागला.

हंगाम संपला की सोडू, असं ठरलं होतं. हंगाम संपला. तोवर मालकांच्या लक्षात आलं की पंखा बंद असला की पावडर कमी वाया जाते, जमिनीवर पडलेली झाडून पुन्हा वापरता येते. "राहू दे," ते म्हणाले. मग पावसाळा आला. माझ्या भोकातून पाण्याची झड यायची ती पोत्यानं थांबली, म्हणून पुन्हा राहू दे. पावसाळा सरला तोवर द्राक्षाच्या छाटण्या सुरू झाल्या, आता कशाला काढायचं, पुन्हा बांधावंच लागणार. अशी वर्षं गेली. पोत्याचा रंग उडाला, सुतळी काळी पडली, पण धोंडुबाईचा टाका पक्का होता.

आधी बिराप्पाला नुसता ठसका लागायचा. मग सकाळच्या पहिल्या पोत्याला खोकला सुरू व्हायचा तो सुट्टीपर्यंत थांबायचा नाही. गूळ तो आता दोन खडे मागून घ्यायचा आणि दोन्ही स्वतःच खायचा. पोरांसाठी काही उरत नव्हतं. गाणं कधी थांबलं ते मला नेमकं सांगता येणार नाही. मी बंद, त्यामुळे सूर नाही, म्हणून तो गात नसेल, असं मी आपलं मनाशी समजत होतो. किती वेडा होतो मी!

खरं काय ते तो गावच्या जत्रेहून परत आल्यावर कळलं. मिक्सरला टेकून तो सरफराजला सांगत होता, "पयल्याच ओवीला दम तुटला रं. तोंड उघडं आन् आवाजच न्हाई. पोरांनी ढोल थांबवला. सगळी माज्याकडं बघायला लागली."

"दवाखान्यात जा आधी," सरफराज म्हणाला.

तो मिरजेला जाऊन आला. डॉक्टरांनी फोटो काढला, छातीला नळी लावली आणि काम काय करता ते विचारलं. बिराप्पानं सांगितलं आणि पुढे अभिमानानं म्हणाला, गूळ खातो रोज, चुकवत नाही. डॉक्टर काय बोलले ते त्यानं सरफराजला जसंच्या तसं सांगितलं. "म्हणलं, गूळ पोटात जातो बाबा, आन् धूळ छातीत जाते. दोघांची गाठ पडतच न्हाई. छातीत बसलेलं आता निघायचं न्हाई, म्हणलं. नवीन जाऊ देऊ नका, ती खोली सोडा."

खोली सोडायला तो मालकांकडे गेलाही. मला पाइप कापायला ठेवा, म्हणाला. मालकांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "बिराप्पा, तुझ्यासारखा मिक्सरवाला जिल्ह्यात शोधून सापडायचा नाही. तू गेलास तर माल बिघडेल." आणि हा भोळा माणूस तेवढ्यावर खूश होऊन परत आला! मला तर वाटलं, भिंतीतून निखळून मालकांच्या पायावर पडावं.

सरफराजचं डोकं तापलं. खिशातला चाकू काढून तो शिडीकडे निघाला. "फाडतोच ह्ये पोतं. बघतो कोण काय म्हणतंय."

बिराप्पानं त्याचा हात धरला. "नगं गड्या. ऐन हंगाम हाय. तिचं काम जाईल. माझं हे असं झालंय, घर आता तिच्यावरच हाय." एवढं बोलायला त्याला मध्ये दोनदा थांबावं लागलं.

मग खंडेनवमी आली. त्या दिवशी कारखान्यात यंत्रं धुतात, हळदकुंकू लावतात, झेंडूच्या माळा घालतात. मिक्सरला माळ घातली. बिराप्पानं एक माळ माझ्या बटणालाही अडकवली. मग उदबत्ती पेटवून तो माझ्यासमोर उभा राहिला. त्याचे गाल आत गेले होते, गळपट्टीची हाडं वर आली होती. धुराची रेघ वर गेली, छताशी पसरली आणि तिथंच लटकली. इकडे नाही की तिकडे नाही. पोत्याच्या आतल्या बाजूनं तो माझ्याकडे बघत राहिला.

"ओढ की रं, पेटीवाल्या," तो हळूच म्हणाला.

राजेश्वरीबाईंनी दिलेली सगळी ताकद माझ्या पोटात होती, तांब्याचा एक वेढा ढिला झालेला नव्हता, आणि मला त्या माणसासाठी एवढासा धूर ओढता आला नाही. मला रडता येत असतं तर मी रडलो असतो.

दिवाळीनंतर तो आला नाही. सरफराज त्याला बघायला जायचा आणि येऊन कुणाला तरी सांगायचा. आडवा झाला की गुदमरतो, म्हणून वाकळांच्या घडीला टेकून बसूनच झोपतो. जेवतानाही दम लागतो. धाकटी आता त्याला म्हातारा म्हणत नाही. आणि पौषात एक दिवस सरफराज आला तो नुसताच शिडीच्या पायरीवर डोकं धरून बसला. बिराप्पाची चाळिशीही पुरी झाली नव्हती.

त्याच्या जागी कोण आलं असेल? धोंडुबाईचा धाकटा भाऊ सिद्धू. दोन लेकरांचा बाप, तसाच उंचापुरा. पदरी आलेली बहीण आणि तिची पोरं सांभाळायची म्हणून त्यानं ती जागा मागून घेतली. बिराप्पाचाच टॉवेल त्याच्या गळ्यात होता.

पुन्हा हंगाम आला, पलीकडे जाळ्यांवर हिरवी द्राक्षं पसरली. सिद्धू खोकत खोकत दारात आला आणि सरफराजला म्हणाला, "आतलं कायबी दिसंना झालंय. त्यो पंखा सोडा की." ते कुंपणापलीकडून जयराजनं ऐकलं. तो नेहमीसारखाच अदबीनं जवळ आला. "सिद्धूभाऊ, दोन महिन्यांचा तर हंगाम हाय. तेवढ्यापुरतं ऱ्हाऊ द्या."

जाळीपाशी काम करत असलेल्या धोंडुबाईचा हात थांबला.

तिनं कमरेचा विळा हातात घेतला, कुंपणाला वळसा घातला, शिडी ओढून माझ्या भिंतीला लावली आणि वर चढली. माझ्या तोंडावरच्या टाक्यांवरून तिनं बोट फिरवलं. "ह्ये टाकं माझं हायती," ती म्हणाली. "घट्ट घ्या म्हणाले मीच." मग तिनं विळा घातला. सुतळी तटातट तुटली आणि कित्येक वर्षांनी माझ्या तोंडावर ऊन पडलं.

"सरफराजभाऊ, बटण दाबा!"

सरफराजनं बटण दाबलं. मी नुसता गुरगुरलो, अंग धरलं होतं. त्यानं आतून काठीनं पात्याला ढोसलं, तसा मी अडखळत फिरलो, आणखी फिरलो, आणि एकदाचा वेग घेतला. आणि माझ्या पोटात, पोत्यात, कपारीत साचलेलं सगळं भसकन बाहेर पडलं. धोंडुबाईचे केस, कपाळ, भुवया, सगळं पांढरं झालं. बिराप्पा घरी जायचा तसं. ती तिथून हलली नाही.

"मावशी, माल! माझा माल!" जयराज ओरडला.

धोंडुबाईनं वळून त्याच्याकडे बघितलं. "बेदाणा धुता येतोय, जयराजदादा," ती म्हणाली. "त्यांची छाती न्हाई धुता आली."

जयराजनं खाली बघितलं. थोड्या वेळानं तो शेडकडे गेला आणि छपरासाठी आणलेले पत्रे घेऊन आला. मालकांना फोन त्यानंच लावला, आणि या वेळी "बघू" ऐकून घ्यायला तो तयार नव्हता. सरफराजनं पत्रे वळवून नळकांडं केलं. पिशवीला जाड कापड आणलं, पण शिवणार कोण? धोंडुबाई तिथंच पायरीवर बसली, दाभण मागून घेतलं आणि पिशवी शिवली. अंगावरची पावडर तिनं झटकलीही नव्हती. टाका तसाच, बारीक आणि पक्का. संध्याकाळी सुट्टी व्हायच्या आत पिशवी लागली, पावडर तिच्यात जमू लागली, त्यानंतर बेदाण्यावर एक कण पडला नाही.

चार पत्रे, एक पिशवी आणि एका दुपारचं काम. एवढंच हवं होतं, मित्रांनो. आणि त्यासाठी माझा बिराप्पा गेला.

मी आता पुन्हा फिरतो. सिद्धूला गाता येत नाही, त्यामुळे माझी घरघर ही नुसती घरघरच राहिली आहे. अजूनही सकाळी बटण दाबलं गेलं की पेटीवाला म्हणून कुणी हाक मारील, असं उगीच वाटतं.

तुमच्यापैकी कुणाचे वडील, कुणाची आई, कुणाचा मामा अशा खोल्यांत काम करत असेल. संध्याकाळी ते पांढऱ्या भुवयांनी घरी आले तर हसा, चिडवा, त्यांनाही ते आवडतं. पण मग एक विचारा, तुमच्या खोलीतला पंखा चालू असतो का? उद्या त्याच्यासमोर एक उदबत्ती लावून बघायला सांगा, धूर बाहेर जातो की तिथंच लटकतो. आणि ते उत्तर न देता तुमच्या हातावर गुळाचा खडा ठेवतील, तर खडा घ्या, खुशाल खा, पण विचारायचं सोडू नका.